रुग्णसेवेचा एक जुना नियम

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या शुभप्रसंगीं दुसऱ्या एका लहानशा धर्मग्रामाचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें. रुग्णाशीं कसें वागावें व कसें बोलावें, याचा मोठा धडा तेथें घातला गेला.

फ्रान्स देशांतील शातियों या गांवीं सन १६१७ मध्यें संत विन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं ते मिस्सेच्या तयारींत असतां, गांवाबाहेरील एका घरांत सर्वच माणसें आजारी असून त्यांची शुश्रूषा करण्यास कोणी नाहीं, अशी वार्ता त्यांच्या कानीं आली. प्रवचनांत त्यांनीं ती लोकांस सांगितली. दुपारीं पाहतात तों त्या वाटेनें स्त्रियांची रीघ लागलेली! अन्न इतकें जमलें कीं आज नासावें आणि उद्यां उपास पडावा. दया होती, व्यवस्था नव्हती. म्हणून त्यांनीं तेथील स्त्रियांचा सेवासंघ स्थापून त्यास लेखी नियम घालून दिले.

ते नियम वाचतांना संताच्या सूक्ष्म दृष्टीचें नवल वाटतें. भोजन नेणारीनें प्रथम रुग्णाची हंसतमुखानें विचारपूस करावी, रुमाल पसरावा, हात धुण्यास पाणी द्यावें, मांसाचे लहान तुकडे करून द्यावेत, पोटच्या मुलास करावा तसा मायेनें आग्रह करावा, रुग्ण खिन्न असल्यास धीराचे दोन शब्द बोलावे. ज्यांस घरचें कोणी आहे त्यांच्यापासून आरंभ करून, जो अगदीं एकटा त्याच्याकडे शेवटीं जावें. म्हणजे त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येतें.

पुढें १६३३ सालीं पॅरिस शहरीं संत लुईज द मारियाक यांच्यासह त्यांनीं ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या भगिनीसंघाची स्थापना केली. १६३८ पासून टाकून दिलेलीं अर्भकें, १६४० मध्यें आंजे येथील रुग्णालयांतील रोगी, आणि १६५३ मध्यें पॅरिसमधील आश्रमांतले वीस वृद्ध पुरुष व वीस वृद्ध स्त्रिया त्यांच्या हातीं आल्या. प्रत्येक वयाची भाषा निराळी. तान्ह्याचें रडणेंच समजून घ्यावें लागतें. कर्त्या माणसास दुखण्यापेक्षां मुलाबाळांच्या पोटाची काळजी अधिक. ती त्यास बोलूं द्यावी. वृद्धास कीव नको, मान हवा. त्या आश्रमांत वृद्धांस शक्तीप्रमाणें हातकाम दिलें जाई, त्यांतील मर्म हेंच असावें.

१८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती यांनीं पॅरिसमध्यें स्थापिलेल्या सोसायटीनें याच संताचें नांव घेतलें. तिच्या शाखा आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत आहेत.

आज इस्पितळें जवळ आलीं, औषधें वाढलीं. परंतु ज्यांचीं मुलें परगांवीं वा परदेशीं आहेत असे वृद्ध आपल्याच आळींत अंथरुणास खिळून आहेत. गोळ्या त्यांस वेळेवर मिळतात. बोलावयास माणूस मिळत नाहीं. महोत्सवाचा मांडव उतरल्यावर आपण या जुन्या नियमाची आठवण ठेवावी, ही आमची नम्र विनंति. समाचारास निघतांना एकट्या रुग्णाचें घर शेवटचें ठेवावें, आणि तेथें उठण्याची घाई करूं नये. प्रभु ती बुद्धि आपणां सर्वांस देवो.