पावसाळ्यातील गोधन व मधमाश्यांची निगा

तापीखोऱ्यातील फोपनार परिसरात मृगाच्या पेरणीची लगबग सुरू होण्यापूर्वीच पशुधनाच्या आरोग्याची तजवीज करणे इष्ट होय. घटसर्प व फऱ्या हे रोग पावसाच्या प्रारंभी बळावतात. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून लसीकरण मे महिन्यातच उरकावे. गोठा कोरडा राखावा.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्र व मध्यप्रदेशातील असंख्य गुरे ग्रासली. हा रोग डास, माश्या व गोचिडांमार्फत पसरतो. ताप वा अंगावर गाठी दिसताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकास दाखवावे. असा बैल पोळ्यात मुळीच आणू नये.

संततधारेत मधमाश्यांना फुलोरा मिळत नाही. अशा वेळी साखर व पाणी यांचा समप्रमाणातील पाक सायंकाळी पेटीच्या आतच ठेवावा. कपाशी फुलावर असता फवारणी अनिवार्य झाल्यास माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी. देवळावरील वा वडा-पिंपळावरील आग्या मोहोळ जाळू नये. ऋतू पालटताच ते आपसूक स्थलांतर करते.

पंचामृतातील दूध, दही, तूप व मध ज्यांच्यापासून लाभतात, त्या जिवांची निगा हीही सेवाच आहे.