तळटीप : शीळकरी कस्तूर

पावसाळ्यात रतनवाडी-भंडारदऱ्याच्या ओढ्यांकाठी पहाटे ऐकू येणारी शीळ दर वेळी गुराख्याची असेल असे नाही. ती बहुधा शीळकरी कस्तूर या पक्ष्याची असते. एखादे पोर चाल विसरून मनाला येईल तसे शिट्टी वाजवत राहावे, हुबेहूब तशी. सावलीत हा पक्षी नुसता काळा दिसतो. ऊन पडले की कपाळ आणि खांदे निळे झळाळतात. खेकडा खडकावर आपटून खातो. सह्याद्री आणि भारतीय द्वीपकल्पातील इतर डोंगर सोडता तो जगात कोठेही नाही. अकोले तालुक्यातील त्याचा हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पावसाळा हाच त्याचा विणीचा काळ, तेव्हा मोबाइलवर शीळ वाजवून त्याला कृपया बोलावू नये.