जुन्या घरगुती व्हिडिओतलं लष्करी विमान कसं ओळखायचं?

या गणपतीत हातखंब्याच्या घरी काकांची जुनी व्हीएचएस कॅसेट सापडली. त्यात होतं नव्वदीच्या सुरुवातीचं, पुण्यात लोहगावला झालेलं हवाई प्रदर्शन. रत्नागिरीतून ती डिजिटल करून आणली आणि टीव्हीवर लावली. रुंद पंखांचं एक विमान दिसताच आजोबा म्हणाले, "हेच रे ते! गोव्याच्या वेळी दाबोळीवर बॉम्ब टाकलेलं."

खरंच तेच का? फोनमधल्या इमेज सर्चने 'मिग' सांगितलं. मग एका एआय ॲपने फोटो शार्प केला. शेपटीवर चक्क नंबर उमटला! मी तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. नंतर सहज पुढची फ्रेम त्याच ॲपमध्ये टाकली, तर नंबर वेगळाच आला. मेसेज डिलीट करावा लागला.

असं का होतं?

व्हीएचएसमध्ये तपशील मुळातच कमी असतो. लांबच्या विमानाचा नंबर म्हणजे चार-पाच पुसट ठिपके. एआय ते 'वाचत' नाही, अंदाजाने नवे ठिपके भरतं. म्हणून शार्प केलेल्या फोटोतला नंबर पुरावा म्हणून धरू नका. विमानाचा आकार मात्र धूसर फ्रेममध्येही टिकतो.

१. फ्रेम नीट काढा

आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. त्यामुळे वेगाने जाणाऱ्या विमानाच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. पॉज करून ई बटणाने एकेक फ्रेम पुढे न्या, शिफ्ट आणि एस दाबून फोटो काढा.

२. इंजिनं मोजा, जागा बघा

- चार पंख्यांची इंजिनं आणि शेपटीला दोन उभी पाती: लिबरेटर. हवाई दलाने हे बॉम्बर १९६८ पर्यंत वापरलं.
- दोन जेट इंजिनं, पण धडाच्या आत: जॅग्वार.
- दोन जेट इंजिनं, दोन्ही पंखांत बसवलेली आणि पुढे आलेली: कॅनबेरा.

आमच्या व्हिडिओत तिसरा प्रकार स्पष्ट दिसत होता. मिगची इंजिनं धडात असतात, त्यामुळे तो पर्याय तिथेच बाद झाला.

३. कॉकपिट बघा

कॅनबेरा सगळ्याच बॉम्बर नव्हत्या, काही फोटो काढणाऱ्या टेहळणीच्या होत्या. आपल्या हवाई दलाच्या बहुतेक बॉम्बर कॅनबेरांचं काचेचं कॉकपिट मध्यभागी नसून डावीकडे सरकलेलं असतं. विमान वळताना वरची बाजू दिसते, ती फ्रेम शोधा. आम्हाला ती सापडली आणि कॉकपिट डावीकडेच होतं.

४. सुरुवातीचा धूर बघा

कॅनबेराचं इंजिन दारूच्या काडतुसाने सुरू करत. त्यामुळे सुरू होताना काळ्या धुराचा लोट निघतो. कॅसेटमध्ये तोही होता.

मग आजोबा बरोबर होते का?

कॅनबेरा १९५७ मध्ये हवाई दलात आलं आणि २००७ मध्ये निवृत्त झालं. १८ डिसेंबर १९६१ ला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. म्हणजे आजोबांनी जात अचूक ओळखली होती. पण नेमकं हेच विमान त्या बारांत होतं का, हे नंबराशिवाय सांगता येणार नाही, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "नंबर कोण बघतोय? पुन्हा लाव."

एक शेवटची टीप: असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबला जाऊन उरलेला तपशीलही जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. कॅसेटही टाकून देऊ नका.