बॉल, बादली आणि नियम

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. मॉलमधल्या टेनपिन बोलिंगच्या बॉलवर कसलं इतिहासाचं व्याख्यान? पण साधन बदललं की यशाचं श्रेय हाताचं की साधनाचं, हा प्रश्न उभा राहतो. तोच आज आपण पाहू.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत हे बॉल लिग्नम व्हिटे नावाच्या फार जड लाकडाचे असत. 1905 च्या सुमारास कडक रबराचा बॉल आला, पुढे पॉलिएस्टर, म्हणजे साधं प्लॅस्टिक. या सगळ्या काळात खेळाडूने बदलायची गोष्ट म्हणजे मुख्यतः भोकं. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली तर पकड पक्की. टोकाच्या पहिल्याच पेरापर्यंत गेली तर अंगठा आधी सुटतो आणि बोटं बॉलला जास्त फिरकी देतात.

मग 1970 च्या दशकात लेनवरचा लाखेसारखा मऊ लेप जाऊन पॉलियुरेथेनचा कडक लेप आला. बॉल घसरायला लागले, वळेनात. इथे डॉन मॅक्यून येतो. त्याने आपला प्लॅस्टिकचा बॉल मिथाइल इथाइल कीटोन या रसायनात भिजवला. वरचा थर मऊ झाला, लेनला धरू लागला. 1973 मध्ये त्याने व्यावसायिक दौऱ्यावर सहा विजेतेपदं घेतली आणि तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने नियम मोडला का? नाही. बॉल किती कडक असावा याचा नियमच तेव्हा नव्हता!

मग काय, इतरांच्याही बादल्या भरल्या. हे द्रव चटकन पेट घेतं, त्याची वाफ श्वासाला बरी नाही. शेवटी संघटनांनी कडकपणाची मर्यादा घातली. ड्युरोमीटर नावाच्या यंत्रावर किमान 72 हा आकडा तेव्हाचा.

दार बंद झालं तशी खिडकी उघडली. 1980 च्या दशकात पॉलियुरेथेनचे बॉल आले, 1990 च्या दशकात रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे, आणि आतला गाभा मुद्दाम ओबडधोबड आकाराचा झाला. भोवरा एका बाजूला जड असला तर कसा डुलतो, आठवा. तसंच इथे. फिरण्याच्या आसापासून गाभा कुठे ठेवून भोकं पाडली, त्यावर बॉल किती डुलेल हे ठरतं. डुलला की दर फेरीला पृष्ठभागाचा नवा, तेल न लागलेला पट्टा लेनवर येतो. वरून पॉलिशपेपर मारून खरखरीत केला तर तो तेलात लवकर पकड घेतो, चकचकीत केला तर उशिरा वळतो. एकाच साच्यातले दोन बॉल, पण वागणं वेगळं.

नियमही मागे राहिले नाहीत. खेळ चालू असताना पृष्ठभाग घासायला मनाई आहे. आणि 1 ऑगस्ट 2020 पासून अमेरिकेच्या संघटनेने केवळ तोल साधण्यासाठी पाडलेलं जादा भोक बंद केलं: भोक असेल तर ते बोटासाठीच हवं.

आपल्याला क्रिकेटच्या चेंडूमुळे हा वाद ओळखीचा आहे. पँटवर घासलेला चेंडू चालतो, सँडपेपर चालत नाही. रेषा निसर्गाने आखलेली नाही. कोणीतरी भिजवतो, कोणीतरी जिंकतो, बाकीचे तक्रार करतात, तेव्हा ती आखली जाते. म्हणून नियमपुस्तिका आपण इतिहास म्हणून वाचायला हवी. तिच्या प्रत्येक कलमामागे कोणाची तरी बादली असते.