टिंगलीच्या शब्दांची कुळकथा

टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी, खिल्ली. या बाबतीत आपली मराठी काही गरीब नाही! इंग्रजीही नाही. मात्र इंग्रजीतल्या अशा शब्दांचे कूळ शोधू लागलो, की आपण एकदम पिंजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतो. एक मुलगा दुसऱ्याला चिडवतो, त्याला इंग्रजीत ‘टीझ’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता लोकर ओढून, विंचरून मोकळी करणे. माणसाला चिडवणे हा अर्थ पुढे सतराव्या शतकात आला.

दुसरा शब्द ‘हेकल’. भर सभेत वक्त्याला मध्येच अडवायचे, आडवेतिडवे प्रश्न विचारून हैराण करायचे, ते हे हेकल. आपण जवस पिकवतो ते तेलासाठी. युरोपात त्याच जातीच्या झाडाच्या ताटांपासून लिनन कापडाचा धागा काढतात. ताटे कुजवून, झोडपून झाली, की तो धागा लोखंडी खिळ्यांच्या फणीतून ओढावा लागे. त्या फणीचे नाव हेकल आणि ओढणारा तो हेकलर. स्कॉटलंडातील डंडी गावचे हेकलर राजकारणात मोठे जहाल म्हणून प्रसिद्ध होते. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी हात चालवीत ऐकायचे, असा त्यांचा परिपाठ सांगतात. अशा मंडळींपुढे निवडणुकीचा उमेदवार उभा राहिला म्हणजे त्याची काय गत होत असेल, कल्पना करा! या शब्दाला सभेतला अर्थ चिकटला तोही स्कॉटलंडातच. ‘सरकॅझम’ तर याहून भयंकर. त्याच्या मुळाशी मांस तोडणे या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

आता फणी सोडून जे तिच्यातून ओढले गेले त्यांच्याकडे वळू. टिंगलीतून नावे कशी जन्मतात पाहा. १६५० साली डर्बी येथे जॉर्ज फॉक्स नावाच्या धर्मोपदेशकाला न्यायाधीशापुढे उभे केले होते. परमेश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे फॉक्सने त्यालाच बजावले. न्यायाधीश कुचेष्टेने म्हणाला, हे तर ‘क्वेकर’, म्हणजे थरथरे! त्या पंथाचे लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवीत. पण जगाने थरथरे हेच नाव उचलले आणि पुढे त्यांनीही ते खुशाल लावले. राजकारणातही तेच झाले. ‘टोरी’ म्हणजे मुळात आयर्लंडमधील लुटारू. १६८० च्या सुमारास विरोधकांना हिणवण्यासाठी वापरलेली ही शिवी ब्रिटनच्या एका मोठ्या पक्षाचे चालू नाव होऊन बसली आहे.

पण सर्वांत सांगण्यासारखी हकीकत आहे ती बायकांची. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ साली मँचेस्टर येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. तिच्या बायका सभांतून उठून मंत्र्यांना प्रश्न विचारीत, तुरुंगात जात. १९०६ साली ‘डेली मेल’ने त्यांना हिणवण्यासाठी ‘सफ्रजेट’ हा शब्द काढला. मताधिकार मागणाऱ्यांना ‘सफ्रजिस्ट’ हा सभ्य शब्द होताच. त्याचे शेपूट तोडून दुसरे जोडले. सिगारची जशी सिगारेट होते, तशातलेच हे शेपूट. कारकुनाला कारकुंडा किंवा शिक्षकाला मास्तरडा म्हणावे तशातला हा प्रकार, आणि त्यातली बोच शिक्षकबंधूंना मी काय सांगावी! त्या बायकांनी मात्र तो शब्द पदरात बांधून घेतला, आणि १९१२ साली स्वतःच्या साप्ताहिकालाच ‘सफ्रजेट’ नाव दिले. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व प्रौढ स्त्रियांना तेथे मत मिळाले.

ज्याच्या हाती संघटना आहे, छापखाना आहे, त्याला शिवीचे निशाण करता येते. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने काय करावे? हिंदुस्थानात आलेले इंग्रज एकमेकांचीही टर उडवीत. मुंबई इलाख्यातल्या साहेबांना इतर साहेब ‘डक’ म्हणत, आपल्या बोंबलाच्या ‘बॉम्बे डक’ या इंग्रजी नावावरून. ही बरोबरीच्यांची थट्टा. तिने कोणाचे काही बिघडले नाही. ‘कुली’ची गोष्ट वेगळी. या शब्दाचे मूळ मजुरी या अर्थाच्या तमिळ शब्दात की कोळी या नावात, यावर पंडितांत मतभेद आहेत. मूळ काहीही असो, दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणूस दिसला की तो कुलीच. व्यापारी असला तर कुली व्यापारी. १८९३ साली गांधीजी तेथे गेले ते विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर. त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे, की तेथे ते ‘कुली बॅरिस्टर’ म्हणून ओळखले जात. शिक्षण, पोशाख, कशानेही ते विशेषण सुटत नव्हते.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत १८३४ पासून हिंदी मजूर करारावर नेले गेले. त्यांत आपले मराठी लोकही होते. पोर्ट लुई बंदरात ते जेथे उतरत, त्या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. पुढे स्वतंत्र मॉरिशसने तो शब्द काढून ‘आप्रवासी घाट’ असे नाव ठेवले, आणि २००६ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली. दगडी पायऱ्या जुन्याच आहेत. तिथल्या मराठी घरांतले कितीतरी पणजोबा-खापरपणजोबा त्याच चढून वर आले होते.