घोरपड कड्यावर का अडली?

दिवाळी आली की आमच्या वाड्यातली मुले मातीचा किल्ला करतात. गेल्या साली त्यांनी सिंहगड केला आणि एका पोराने त्याच्या कड्याला मातीची घोरपड चिकटवली. माझ्यातला मास्तर जागा झाला. “बाळ, घोरपडीला इतिहासात आधार नाही,” मी म्हणालो. पोराने मुकाट्याने ती काढून टाकली. त्याचे उतरलेले तोंड मला दिवाळीभर सलत राहिले.

मी खोटे बोललो नव्हतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंडाणा घेतला. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने ही हकीकत दिली आहे. निवडक दोघे मावळे वानरासारखे कडा चढले, त्यांनी वरून माळ लावली, मग तीनशे माणूस चढले. घोरपडीचे तिथे नावही नाही. दोन-चार वाक्यांत सारा कडा संपतो. बखर राजासाठी लिहिलेली. तिचा सूर कामापुरता.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा मात्र घाई करीत नाही. त्यात आधी लग्नघर येते. रायबाच्या लग्नाची गडबड चाललेली असताना तानाजीला मोहिमेचे बोलावणे येते. पुढे कडा येतो, आणि यशवंती घोरपड चढता चढता माघारी फिरते. तानाजी तिला दटावतो, तेव्हा कुठे ती वर जाते.

शाहिराने तिला माघारी का फिरवले असेल? मला वाटते, डफ-तुणतुण्यावर हा पोवाडा ऐकणारी माणसे डोंगरातली होती. डोईवर गवताचा भारा घेऊन निसरड्या वाटेने उतरणाऱ्याला कड्याचे भय नवे नसते. कडा एका दमात सर झाला असे गायले असते, तर त्यांना ते पटले नसते. पण तानाजी भ्याला, असेही पोवाड्यात गाता येत नाही. म्हणून शाहिराने ते भय घोरपडीच्या अंगी घातले. तिच्या अडण्यातून ऐकणाराला कड्याची उंची कळते, आणि लग्नघर मागे ठेवून निघालेल्या बापाची छातीही.

शेवटी मात्र दोघांचा सूर एक होतो. एका गडासाठी आपला दुसरा गड गमावला, हे महाराजांचे दुःख सभासदही नोंदवतो. बखर असो की पोवाडा, विजयाच्या दिवशी दोन्हींच्या डोळ्यांत पाणी आहे. शौर्यगीत म्हणजे नुसती आरोळी, असे समजून मी इतकी वर्षे ते वर्गात शिकवीत आलो, याची आता लाज वाटते.

यंदा किल्ला होईल तेव्हा त्या पोराला मीच घोरपड करून देणार आहे. “मास्तर, ती खरी होती का?” असे त्याने विचारलेच, तर सांगेन, “घोरपड खरी नसेल, पण कडा खरा होता.”