घोडखिंडीतलं गणित: पन्हाळा ते विशाळगड



इतिहासाच्या संशोधनात विज्ञान शिकलेल्या माणसाचं काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज एका वाटेचं उदाहरण घेऊन त्यावर बोलू.

आमचं कुंभारी सपाट रानात आहे. इथे दहा किलोमीटर म्हणजे दहा किलोमीटरच. सह्याद्रीत मात्र अंतराबरोबर चढही मोजावा लागतो, आणि जुन्या घटना वाचताना नेमकं हेच आपण विसरतो.

मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला मदत केली. १२-१३ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज निवडक माणसांसह पालखीतून गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की सोबत सहाशे मावळे होते, अंतर सुमारे ६४ किलोमीटर होतं आणि विशाळगड गाठायला २० ते २१ तास लागले. पाठलागावरच्या फौजेला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंडीत अडवलं. तीच आजची पावनखिंड.

आता प्रश्न असा: एवढ्या वेळात हे अंतर कापता येतं का?

डोंगरातल्या चालीसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम दिला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. ६४ किलोमीटरला पावणेतेरा तास होतात. एकूण चढ दीड हजार मीटर धरला तर त्यात अडीच तास मिळवा. म्हणजे सव्वापंधरा तास. अंधार, चिखल आणि खांद्यावरची पालखी यांसाठी एक तृतीयांश वेळ वाढवली, की उत्तर येतं साधारण साडेवीस तास. अगदी परंपरेइतकंच!

इथेच थांबा. हा ‘एक तृतीयांश’ आला कुठून? उत्तर आधी माहीत असलं की गृहीतक हळूच त्याच्याकडे सरकतं. म्हणून एकच आकडा धरू नका, पट्टा धरा. वाढ एक चतुर्थांश धरली तर १९ तास, निम्मी धरली तर जवळपास २३ तास. चढाचा आकडाही गृहीतच आहे, तोही बदलून बघा. यावरून एवढंच म्हणता येतं की परंपरेतली वेळ अशक्य नाही. ‘शक्य आहे’ आणि ‘तसंच घडलं’ यांत फरक आहे. गणित दावा फेटाळू शकतं, सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी कागदच लागतो, आणि तो कधीचा, कोणी लिहिलेला, हेही बघावं लागतं. सभासदाची बखर शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली, म्हणजे मध्ये तीसहून जास्त वर्षं गेली.

मग घोडे का नाही वापरले, असंही कोणी विचारेल. सपाटीवर घोडा माणसाला सहज मागे टाकतो. चिखलाच्या चढावर, रात्री, तो पावलापावलानेच चालणार, आणि चालता घोडा माणसाच्या फार पुढे जात नाही. शिवाय तुकडीचा वेग तिच्यातल्या सगळ्यात सावकाश माणसाचा असतो. पाठलाग करणाऱ्यांचंही तेच. अरुंद खिंडीत संख्या आणि घोडदळ दोन्ही निरुपयोगी होतात, कारण एका वेळी मोजकेच लोक पुढे येऊ शकतात. थोड्या माणसांनी मोठी फौज रोखली, यामागचं भूगोलाचं कारण हे आहे. यात बाजीप्रभूंचं मोठेपण कमी होत नाही. नेमकी जागा हेरणं आणि तिथे उभं राहणं, दोन्ही माणसालाच करावं लागतं.

आज पावसाळ्यात शेकडो जण ही वाट चालतात, बहुतेक जण दोन दिवसांत. तुम्हीही जा, पण वही घेऊन. प्रत्येक टप्प्याची वेळ, चढ आणि चिखल लिहा. तुमच्या नोंदी आल्या की वरचा ‘एक तृतीयांश’ खोडून तिथे मोजलेला आकडा लिहिता येईल. संशोधन तिथून सुरू होतं.